मैदानातला हरभरा

कधी एकदा उजाडतं असं शाळेच्या मास्तरीण पंचफुलाबाईंना झालं होतं. परभणीहून ओव्हरसीयर येणार होते. शाळेशेजारची जागा मोजणार होते. आणि जागा पुरली तर खेळाच्या मैदानासाठी सरकारचं अनुदान मिळणार होतं. निम्मा खर्च सरकारचा, निम्मा गावाचा. गावानं आपला वाटा मुरूम वाहून दिला तरी चालणार होतं. तात्याराव सरपंचांनी बैलगाड्या जुंपायचं कबूलही केलं होतं. अट एकच: दोनशे मीटरची धावपट्टी बसेल एवढी सलग जागा हवी. नाहीतर मार्चअखेर पैसे दुसऱ्या गावाला जाणार.

जागा पुरत नव्हती. बाईंनी विहिरीचा नाडा मागून आणून स्वतः मोजली होती. लांबीला पुरत होती, रुंदीला दोन कासरे कमी. एका अंगाला सडक, दुसऱ्या अंगाला माणिकरावांच्या रानाचा धुरा, दगडांचा बांध. सडक सरकत नसते, आणि माणिकरावही सरकणाऱ्यातले नव्हते.

तरी त्यांनी साहेबांना बोलावलं होतं. कारण त्यांच्या खो-खोच्या पोरी शाळेपुढच्या सडकेवर खेळत. बाभळीचे दोन खांब सकाळी ठोकायचे, संध्याकाळी उपटायचे. एसटीचा भोंगा वाजला की बसलेल्या पोरी उठून कडेला पळायच्या आणि बस गेली की कोण कुठं बसली होती यावर भांडायच्या. एवढ्यावर त्या तालुक्याला जिंकून आल्या होत्या. गुडघे फुटलेल्या त्या पोरींना मऊ मातीवर धावताना बघायचं, एवढंच बाईंना हवं होतं. तीन वर्षं अर्ज करून हा एक दिवस हाती आला होता.

आदल्या दुपारी चंद्रभान कोतवालानं दवंडी दिली होती. "ऐका हो ऐका! उद्या परभणीचे साहेब साखळी घेऊन यायलेत. शाळंकडची जमीन मोजणार हायत हो!"

"अरे, मैदानासाठी, असं सांगायचं की," बाई म्हणाल्या.

"बाई, गळा बसलाय. तेवढ्याला दम कुठून आणू?"

सकाळी वालूरच्या रस्त्यावर जीपचा धुरळा उठला आणि शाळा रिकामी झाली. पोरं कुंपणावर चढली. ओव्हरसीयर उतरले: तरुण, घामाघूम, डोळ्यांवर काळा चष्मा. सरपंच, चंद्रभान, दहा-वीस गावकरी, सगळे त्यांच्यामागं. माणिकरावही आले होते, पांढरंशुभ्र धोतर नेसून. बाईंना नवल वाटलं. शाळेच्या कामाला ते कधी फिरकत नसत. आज मात्र फार अदबीनं हात जोडून उभे होते.

"नमस्कार, साहेब. आपली जमीन काई जास्त न्हाई. धुऱ्यापलीकडं जेवढी दिसती तेवढीच."

"बरं," म्हणून ओव्हरसीयर पुढं झाले.

लांबी मोजली. पुरली. मग साखळी आडवी पडली. बाई साखळी ओढणाऱ्या शिपायाच्या मागोमाग चालत होत्या. साखळी उचलली, टाकली, पुन्हा उचलली. आता धुरा लागेल, आता लागेल. धुरा लागेना. साखळी जातच राहिली. अखेर धुऱ्याचे दगड आले, चांगले रांगेत, मातीत पक्के बसवलेले, आणि ओव्हरसीयर मागं वळून हसले.

"बाई, तुम्ही अर्जात जागा कमी पडेल म्हणून लिहिलं होतं. इथं तर धावपट्टी बसून वर कबड्डीचं मैदानही होईल!"

पोरांनी कुंपणावरून एकच गिल्ला केला. तात्याराव सरपंच म्हणाले, "लय बेस!" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खाली बघितलं आणि त्यांचं पाऊल थांबलं.

पायाखाली हरभऱ्याचे खुंट होते. नुकताच कापलेला हरभरा. मुळांशी माती अजून भुसभुशीत.

त्यांनी माणिकरावांकडे पाहिलं. माणिकराव आभाळाकडे बघत होते.

जमीन मोजायला आलेल्या माणसाला कमी दाखवायची, ही गावाची खोड निजामाच्या अमलापासूनची. त्यात यंदा जादा जमीन सरकारजमा करणाऱ्या सीलिंगच्या कायद्याची धास्ती. दवंडी ऐकून माणिकरावांनी काय केलं असेल, ते बाईंना त्या खुंटांवर उभ्याउभ्या कळलं. आजवर गावानं धुरे दुसऱ्याच्या रानात सरकताना पाहिले होते. आपल्याच रानात मागं सरकलेला धुरा हा पहिलाच असेल.

त्यांना हसू फुटत होतं. गप्प राहिलं तर मैदान मिळत होतं. पण किती दिवस? साहेब गेले की दगड परत जाणार, मृगाला तिफण फिरणार आणि पोरी पुन्हा सडकेवर.

तेवढ्यात ओव्हरसीयरच वाकले. "मैदानात हरभरा कुणी पेरला हो?"

"पाखरांनी टाकलं आसंल बी," माणिकराव म्हणाले.

"पाखरं तिफण घेऊन आली होती का? ओळी बघा किती सरळ!"

मागं हशा पिकला. त्यातच माणिकरावांच्या पत्नी, कस्तुराबाई, चहाची किटली घेऊन आल्या होत्या. त्यांनी किटली खाली टेकवली.

"आवो, सांगा की साहेबांला. काल दिस मावळताना दगडं कोन वाहिली? रातभर माज्याकून कंबर शेकून घेतली ती कशापायी?"

"तू गप गं!"

"मी गप ऱ्हाते. कंबर बोलती का बघा."

आता सगळं गावच हसत सुटलं. ओव्हरसीयरांना सारा प्रकार कळला तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "अहो माणिकराव, सीलिंगचं काम तलाठ्याच्या दप्तरावर चालतं, धुऱ्याच्या दगडांवर नाही. आणि मी सीलिंगचा माणूसच नाही. मी या पोरींच्या मैदानासाठी आलोय."

माणिकरावांचा चेहरा आधी उजळला, मग कडक झाला. "मंग दगडं माघारी नेतो."

हसणं थांबलं. सरपंच पायानं माती उकरू लागले. सगळे बाईंकडे बघत होते. पोखर्णीला, बाईंच्या माहेरी, त्यांचे वडील अशा माणसांना 'मालक' म्हणत आणि मान खाली घालून उभे राहत. बाईंनी मान वर ठेवली.

"न्या, माणिकराव. जमीन तुमची आहे. साहेब जे खरं ते लिहितील. फक्त आलाच आहात तर खेळ बघून जा."

त्यांनी शिट्टी वाजवली. पोरींना सांगावं लागलं नाही. बाभळीचे खांब आले, हरभऱ्याच्या खुंटांत ठोकले गेले, नऊपैकी आठ पोरी एकाआड एक उलट्या तोंडांनी बसल्या आणि नववी, सरजा, सुटली. सडकेवर खेळताना त्या अंग चोरून पळत. इथं पडायची भीती नव्हती. सरजा पळणाऱ्या पोरीवर अशी झेपावली की पोटावर घसरत गेली, धुरळ्यात दिसेनाशी झाली आणि हात वर करून उठली. "बाद!" पोरं कुंपणावरून ओरडली.

"बाद कशाची? शिवलंच न्हाई!" हे माणिकराव ओरडले. त्यांचं धोतर केव्हाच गुडघ्यांच्या वर गेलं होतं. "आगं, खांबाकडून घे! खांबाकडून! खो दे! दे की!"

"साहेब, ह्येनी हुतूतू खेळायचे," कस्तुराबाई हळूच म्हणाल्या. "लगीन झालं आन सुटलं. जागाच न्हवती."

डाव संपला तेव्हा माणिकराव धापा टाकत होते, जणू तेच खेळले होते. ते बाईंजवळ आले.

"हा पट्टा सोडून खेळ बसंल का?"

"खेळ बसेल. अनुदान बसणार नाही."

त्यांनी आपल्या रानाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "तसं बी चिबड हाय ते. पानी साचतं. पीक येत न्हाई धड."

गुडघ्याएवढा हरभरा आल्याचं सगळ्या गावानं बघितलं होतं. कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला.

"ल्ह्या मंग, साहेब. दगडं हायत तितंच हाय धुरा. पयल्यापासून."

"तसं नको," बाई म्हणाल्या. "दगड पहिल्यापासून इथं होते, असं मी लिहू देणार नाही. तुम्ही जमीन दिली, असं लिहायचं. उद्या कुणी विचारलं तर पोरींना खरं सांगता आलं पाहिजे."

माणिकरावांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग हात पुढं केला. "आणा. कुठं करायची सही?"

जीप अजून नजरेआड झाली नव्हती तोच चंद्रभान हलगी काढून बसला. सरपंच कुठल्या गाडीत किती मुरूम याचा हिशेब तोंडी मांडू लागले. माणिकराव मात्र जागेवरून हलले नव्हते. त्यांना एक शंका होती.

"बाई, ती धावपट्टी गोल आसती म्हनं?"

"हो."

"पळून पळून हितंच यायचं, तर पळायचं कशाला?"

बाईंनी काठीनं मातीत अंडाकृती काढून दाखवली. माणिकराव मान हलवत राहिले. सरपंचांनाही पटेना. तेव्हा बाईंनी चपला काढल्या, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि खांबापासून सुटल्या. आधी सडकेच्या कडेनं सरळ, मग वळण घेऊन हरभऱ्याच्या खुंटांतून. "इथून वळायचं!" त्या पळता पळता ओरडत होत्या. "दिसलं का? वळताना आतल्या अंगाला झुकायचं!" पोरी आधी थक्क होऊन बघत राहिल्या, मग एकदम किंचाळत त्यांच्या मागं सुटल्या. अंबाड्यातून केस सुटले होते, तोंड लाल झालं होतं, आणि बाई मोठ्यानं हसत होत्या. एरवी त्या कधी मोठ्यानं हसत नसत.

"कळलं, बाई, कळलं! थांबा आता," माणिकराव हात उंचावून म्हणाले.

पण बाई त्यांच्यासमोरून तशाच पुढं गेल्या आणि दुसऱ्या फेरीला लागल्या.