सेकंदाला नऊ हजार

रुग्णालयाच्या तळघरात तीन सर्व्हर शेजारीशेजारी मांडले होते. डिस्क एकाच जातीच्या, डेटाबेस एकच. फक्त ऑपरेटिंग सिस्टिम तीन तऱ्हेच्या. त्यातली कुठली घ्यायची हे तपासायचं काम डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंचं. ठरवायचं काम साहेबांचं, कारण त्यांना त्यातलं काही कळत नसे.

चाचणी साधी होती. एक नोंद लिहायची, डिस्कवर पक्की झाली का विचारायचं, 'हो' आलं की पुढची. दोन सर्व्हर सेकंदाला शंभराच्या आसपास रखडत होते. तिसरा नऊ हजारांवर गेला.

साहेब टाळ्या पिटायचेच बाकी होते. "याला म्हणतात वेग!"

"साहेब, ही डिस्क सेकंदाला एकशेवीस फेरे घेते. एक नोंद पक्की करायला निदान एक फेरा लागतोच. मग हे नऊ हजार आले कुठून?"

"चांगलं काही बघवतच नाही का हो तुम्हाला?"

"तो लिहीत नाहीये. मेमरीत ठेवून नुसता 'हो' म्हणतोय."

बाईंनी सरळ प्लग उपटला. सर्व्हर पुन्हा चालू झाला तेव्हा चार हजार 'पक्क्या' नोंदी गायब होत्या. साहेबांनी लोंबणारी वायर उचलून पाहिली. मग म्हणाले, "पण प्लग काढायला सांगितलं कुणी?"

आठवडाभरात तिसरी सिस्टिम रुग्णालयाच्या तिन्ही मजल्यांवर बसली. विश्वस्तांसमोर साहेबांनी बत्तीस स्लाइड दाखवल्या, पाठ थोपटून घेतली. बाई मूग गिळून बसल्या. साहेबांपेक्षा त्यांना स्वतःचाच राग जास्त आला.

पुढच्याच महिन्यात एका दुपारी मेन स्विच बदलताना वीज गेली. सर्व्हरसाठी आणलेल्या बॅटरीवर साहेबांच्या केबिनमधला एसी चालत होता.

सर्व्हर धाडकन बंद पडले. वीज परत आल्यावर दहाव्या मिनिटाला फोन आला. रक्ततपासणीच्या खिडकीवर बाईंची नणंदच बसायची.

"वहिनी, एकोणीस नळ्या समोर आहेत. त्यांच्यावर नुसते आकडे! कुठला आकडा कुणाचा, कॉम्प्युटरला काही ठाऊक नाही."

"सगळ्यांचं रक्त पुन्हा घ्यावं लागेल गं."

"मी नाही सांगणार. सकाळपासून उपाशीपोटी बसलीत माणसं."

बाई तडक केबिनमध्ये गेल्या. "चला साहेब. तुमची सिस्टिम, तुम्हीच सांगा." आवाज असा होता, की साहेब चक्क उठले.

रांगेसमोर त्यांनी घसा खाकरला. तांत्रिक अडचण, अपरिहार्य कारणं, सहकार्याची अपेक्षा, सगळं झालं. पुढच्या बाकावरच्या आजोबांनी निमूटपणे दुसरी बाही वर केली.

"काढा. पण आता कागदावर लिहा. आणि सावकाश लिहा, मला घाई नाही."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. नणंदेनं एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला, आणि एकोणीस नावं साहेबांनी उभ्या उभ्या स्वतःच्या हातानं लिहिली. बाई शेजारी उभ्या राहून एकेक नाव तपासत होत्या.