चौतिसावा फोटो

मी एक जुना कॅमेरा आहे, पण मला भंगार म्हणाल तर खबरदार! हिंगोलीच्या गोपाळरावांचा मी रोलवाला कॅमेरा. ते कचेरीत कारकून. पण रजा मिळाली की मला गळ्यात अडकवून एसटीत बसायचे. हैदराबादच्या गल्ल्या, औंढ्याच्या देवळावरचे दगडी हत्ती, माळावर उड्या मारणारी काळविटं, बाजारातली माणसं, सगळं मी टिपलं. काळविटाच्या फोटोला बक्षीस मिळालं तेव्हा गोपाळरावांची छाती कशी फुगली होती! अहो, पण डोळा कोणाचा होता? माझा!

मालकांची एक खोड मात्र होती. छत्तीस फोटो पुरे झाल्याशिवाय रोल धुवायला द्यायचा नाही. अठरा वर्षांपूर्वी साखऱ्याच्या बाजारात त्यांनी बंजारा तांड्यावरच्या भीमसिंगचा खळखळून हसतानाचा फोटो काढला आणि शेजारी उभ्या त्याच्या बायकोला, पारुबाईला, म्हणाले, "पाठवून देतो." तो चौतिसावा. दोन राहिले. तेवढ्यात घरात मोबाईल आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. भीमसिंग माझ्या पोटात हसतच राहिला.

मित्रांनो, कपाटातले दिवस फार वाईट. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, मला पूजेसाठी बाहेर काढत. यंदा कालिंदीबाईंनी, म्हणजे मालकीणबाईंनी, हळदकुंकवाचं ओलं बोट थेट माझ्या काचेवरच टेकवलं. त्यांची लेक रेवती म्हणाली, "अगं आई, हे काय! थांब, पुसते. आतही धूळ असेल." आणि तिने मागच्या झाकणाच्या खटक्याला नख लावलं. माझं धाबंच दणाणलं! झाकण उघडलं की उजेड आत शिरणार, रोल वाया जाणार आणि भीमसिंग पुसला जाणार. मला तोंड असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

"ठेव खाली!" कालिंदीबाई कडाडल्या. "पुजलेल्या वस्तूला आज हात लावायचा नाही."

रेवतीने मला मुकाट पाटावर ठेवलं. वाचलो बुवा!

थोड्या वेळाने दारात झेंडूची टोपली घेऊन एक बाई आली. फुलं देता देता तिची नजर पाटावर गेली.

"अगं बया! ह्याच डब्यानं आमच्या मालकांचा फोटो काढला व्हता. मी साखऱ्याच्या तांड्यावरची पारुबाई. फोटो काहून दिला न्हाई, साहेब? मालक जाऊन चार साल झाले. आधारवरचा फोटो हाय, पण त्यात ते वळखू येत न्हाईत."

पाटाशी बसलेल्या गोपाळरावांचा चेहरा शरमेने उतरला. माझ्या डोक्यावरचा आकडा त्यांनी वाकून पाहिला. चौतीस.

"चुकलं माझं, पारुबाई. रोल अजून आतच आहे. पण इतका जुना झालाय, फोटो येईल की नाही, सांगता येत नाही."

"येतील की! उशीर झाला तरी मालक घरी यायचेच."

दसऱ्याला मऊ फडक्याने माझी काच पुसली गेली. उरलेले दोन फोटो रेवतीने झेंडू विकणाऱ्या पारुबाईचे काढले. नांदेडला एक म्हातारबुवा अजून रोल धुतात. पंधरा दिवसांनी आम्ही तांड्यावर गेलो. फोटोच्या कडा धुरकटल्या होत्या, पण भीमसिंग लख्ख हसत होता. फुकट नाही मी तोरा मिरवत!

पारुबाईने फोटो पदराने पुसला. "बघा, कसे हसून राहिले," ती म्हणाली आणि रडायला लागली. गोपाळराव मान खाली घालून उभे राहिले.

मित्रांनो, मला कपाटात टाकलं, ते मी केव्हाच माफ केलं. पण ज्याचा फोटो काढाल, त्याला तो वेळेवर द्या. भीमसिंगला स्वतःचा फोटो बघायला मिळालाच नाही.