उम्म जासिमचा नकार

आमच्या कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून आता कुणाचं भलं होणार नाही. बर्फ, शीतगृहं आणि मासळी-फळं वाहणारे ट्रक असा धंदा. ऑफिस बहारीनला, मनामात, ट्रकदुरुस्तीचं वर्कशॉप सलमाबादला. कंपनी पब्लिक होती, म्हणजे तिला दोन हजारांवर मालक होते, आणि त्यातल्या निम्म्यांना आपण मालक आहोत हे वर्षातून एकदाच आठवायचं. ती आठवण करून देणं हे माझं काम होतं.

मार्चमध्ये शेअरहोल्डरांची सभा भरायची. जे येणार नाहीत त्यांच्याकडून प्रॉक्सीचा कागद आणायचा, की आमच्या वतीने अमुक माणूस मत देईल. कागदावर ठराव छापलेले आणि प्रत्येकापुढे दोन चौकोन, ‘हो’ आणि ‘नाही’. म्हातारीकोतारी माणसं खाली सही किंवा अंगठा करत आणि चौकोन कोरे ठेवून म्हणत, “कमाल, तूच भर.” अकरा वर्षं मी घरोघर फिरून असे कागद गोळा केले. त्यांनी तोंडाने जे सांगितलं तेच ऑफिसात येऊन भरलं.

याचा मला गर्व होता, आणि तो फुकटचा नव्हता. आमचे अब्बा दापोलीजवळच्या आमच्या गावात बायकांची पत्रं लिहून द्यायचे. नवरे आफ्रिकेत, कुवेतमध्ये, जहाजांवर. एखादी रागाच्या भरात नवऱ्याला नको नको ते सांगायची, अब्बा तस्संच लिहायचे आणि वाचूनही दाखवायचे. शेजारचे म्हणायचे, जरा गोड करून लिहावं, संसार आहे तिचा. अब्बा म्हणायचे, “शब्द तिचे आहेत. माझ्याकडं फक्त अमानत.” आमच्या घरात चोरीपेक्षा हे पाप मोठं होतं.

सत्त्याण्णवच्या कागदावर एक नवा ठराव आला. आदल्या वर्षी सभेत आरडाओरडा झाला होता, की मॅनेजिंग डायरेक्टर प्रेंटिस साहेबाला इतका पगार कशाला. चेअरमननी लोकांना शांत करायला शब्द दिला, की पुढच्या वर्षी तुम्हाला विचारू. म्हणून पाचव्या नंबरला छापलं: प्रेंटिस साहेबांचा पगार आणि बोनस सभेला मान्य आहे काय? त्याखाली बारीक अक्षरात, हे मत केवळ सल्ला म्हणून घेतलं जाईल, बोर्डावर बंधन नाही. हा कागद मीच टाईप केला होता.

बोनस कशाबद्दल होता, तेही मला ठाऊक होतं. प्रेंटिस साहेबाने खर्च वाचवला म्हणून. आणि खर्च वाचवला म्हणजे सलमाबादचं वर्कशॉप कंत्राटदाराला द्यायचं आणि आपली साठ माणसं एप्रिलअखेर घरी पाठवायची.

त्या साठांत माझा थोरला भाऊ होता. इलियासभाई, वेल्डर, एकोणीस वर्षांची नोकरी. मला शिकवला तो त्यानेच, व्हिसा काढून इथे आणला तोही त्यानेच. त्याच्या छातीच्या फोटोत जुन्या टीबीचा डाग होता. आहे त्या नोकरीत रिन्यूअल होत गेलं, कुणी खोलात गेलं नाही. पण नोकरी सुटून नव्या व्हिसाची मेडिकल करायची वेळ आली तर डॉक्टर तो फोटो पाहून परत पाठवणार, मग बहारीनलाच काय, आखातात कुठेच व्हिसा मिळणार नाही. पन्नाशी उलटलेला माणूस गावी जाऊन कुणाचं गेट वेल्ड करणार?

एका शुक्रवारी मी सलमाबादच्या कामगार कॅम्पवर गेलो, तेव्हा भाई मासे तळत होता. त्याचा खोलीतला जोडीदार गुंडू, संगमेश्वरकडचा, ट्रक रंगवायचा. तो कांदा चिरत होता.

“यादी निघाली का रे?” भाईने विचारलं.

“अजून नाय.”

“निघाली तर सांग आधी. उगाच शेवटपर्यंत झुलवू नको मला.”

“तुमचा भाऊ ऑफिसात हाय, तुमाला कोण काढतंय?” गुंडू म्हणाला. “काढतील ते आम्हाला. यल्ला, मासा करपला बगा.”

भाई हसला नाही. पलटा घेऊन मासा उलटत राहिला.

दुसऱ्या दिवशी आमचे कंपनी सेक्रेटरी नजीब साहेब, हैदराबादचे, यांनी मला केबिनमध्ये बसवून चहा मागवला. साहेबाने चहा मागवला की काहीतरी गळ्यात पडणार, हा माझा अनुभव.

“कमाल मियाँ, पाँच नंबर का क्या हाल है?”

मी सांगितलं, की लोक कुरकुरतायत. बाजारातले व्यापारी ‘नाही’ म्हणतायत.

“देखो, ये तो सिर्फ़ सलाह है. इससे कुछ होना नहीं है. मगर साहब की इज़्ज़त का सवाल है. और वो सलमाबाद की लिस्ट, वो अभी पक्की नहीं है.” त्यांनी बशीतला चहा संपवला. “वोट अच्छा गया तो आपके भाई का देख लेंगे. इंशाल्ला.”

एवढंच बोलले. त्यांनी मला खोटं लिहायला सांगितलं नाही, हे मी कबूल करतो. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान दोष द्यायला माणूस मिळाला असता.

मंगळवारी मुहर्रकला उम्म जासिमकडे गेलो. उम्म जासिम म्हणजे जासिमची आई; नवरा गेलेली, सत्तरीची, डोळ्यांत मोतीबिंदू. कंपनी निघाली तेव्हा तिच्या नवऱ्याने आणि दिरांनी घरातल्या बायकांच्या नावे शेअर घेऊन ठेवले होते. तिच्यासकट त्या नऊ बायकांचे कागद उम्म जासिमच गोळा करून ठेवायची, सगळ्यांवर अंगठे. बायका तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. नऊ कागदांवर मिळून एकेचाळीस हजार शेअर होते.

तिने छोट्या फिंजानांत गहव्याची कॉफी ओतली, खजुराची ताटली पुढे सरकवली आणि म्हणाली, “वाच.”

मी एकेक ठराव अरबीत वाचला. चारांना ती ‘हो, हो’ करत गेली. पाचवा वाचला तशी हातातला फिंजान खाली ठेवला.

“हा इंग्रज माणसं काढतोय ना? माझा जावई सांगत होता.”

“हो.”

“किती?”

“साठ.”

“साठ घरांच्या चुली विझवल्याचं बक्षीस मी देऊ? माझा नवरा गोदीत हमाल होता, वलदी, माझ्या बाळा, पेन्शनीत गेलेला साहेब नव्हता. नाही लिही. माझं नाही, आणि या आठजणींचं पण नाही.”

“उम्म जासिम, याने काही बदलणार नाही. नुसता सल्ला आहे.”

“मग सल्ला देते. मला विचारलंय ना? मी सांगितलं, नाही. तू सीदा लिही.” अरबीत बोलतानाही तिच्या तोंडी आपला हा ‘सीधा’ असायचा. मग तिने विचारलं, “तुझा भाऊ नाही ना रे त्यात?”

मी म्हणालो, “आहे.”

तिने गुडघ्यावर हात टेकले, सावकाश उठली, आतून खजुराचा डबा आणून माझ्या पिशवीत घातला. म्हणाली, “मग तर दोनदा नाही.”

बसमध्ये ते कागद मांडीवर घेऊन मी बसलो होतो. मला त्या म्हातारीचा राग आला, खरं सांगतो. तुझं काय जातंय, तुला जेवायला वाढणारे चार मुलगे आहेत, असं मनात म्हणालो. तिने माझ्या भावासाठी ‘नाही’ म्हटलं होतं आणि माझ्या भावासाठी मला ‘हो’ हवं होतं. हे तिला समजावून सांगितलं असतं तर कदाचित तिने ऐकलंही असतं. पण मी तोंड उघडलं नव्हतं, कारण तिच्यापुढे हात पसरायची मला लाज वाटली. लाज वाटली ती मागण्याची. फसवण्याची वाटली नाही.

ऑफिसात आलो आणि नऊ कागदांवर पाच नंबरपुढे ‘हो’च्या चौकोनात खूण केली. पाच मिनिटंही लागली नाहीत. अब्बांसारखं वाचून दाखवायला तिथे कुणी नव्हतं.

सभा हॉटेलच्या हॉलमध्ये झाली. चेअरमननी निकाल वाचला: पाचवा ठराव तीस हजार मतांनी मान्य. एकेचाळीस हजार काढून टाका आणि हिशोब तुम्हीच करा. पुढच्या रांगेत टाळ्या वाजल्या. प्रेंटिस साहेब उभा राहून म्हणाला, की शेअरहोल्डरांनी दाखवलेल्या विश्वासाने तो नम्र झाला आहे. नजीब साहेबांनी जाताना माझ्या खांद्यावर थाप मारली.

यादी लागली. साठ नव्हे, सत्तावन्न नावं. भाईचं नव्हतं. गुंडूचं होतं.

मला वाटलं होतं भाई खूश होईल. त्याने यादी वरून खाली दोनदा वाचली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “कुणाच्या पायावर डोकं ठेवलंस?”

“कुणाच्या नाही. कामाची किंमत असते.”

“गुंडूच्या कामाला नव्हती?”

गुंडू गेला त्या दिवशी भाईने त्याची ट्रंक स्वतः दोरीने बांधली. गुंडू एअरपोर्टच्या व्हॅनमध्ये चढताना मला म्हणाला, “मी बोललो हुतो ना, ऑफिसात भाऊ पायजे.” त्याने ते टोमणा म्हणून म्हटलं नाही, मनापासून म्हटलं. टोमणा मारला असता तर मला सोसला असता. त्यानंतर भाई खोलीत एकटाच राहिला आणि माझ्याशी कामापुरतं बोलू लागला.

जूनमध्ये नजीब साहेब रजेवर गेले आणि त्यांच्या फायली लावायचं काम माझ्याकडे आलं. सलमाबादच्या फायलीत कंत्राटदाराचं पत्र होतं, सात जानेवारीचं. त्याने लिहिलं होतं, की वर्कशॉप घेतो, पण ट्रकवरच्या फ्रीज युनिटचं काम जाणणारी तीन माणसं मला हवीत, त्याशिवाय सही करणार नाही. त्यांचे व्हिसे तुमच्याच नावावर राहू द्या. पहिलंच नाव इलियासभाईचं. खाली नजीब साहेबांची सही, ‘मंजूर’, नऊ जानेवारी.

माझ्यासाठी चहा मागवला होता तो मार्चमध्ये.

त्याच फायलीत आणखी एक कागद होता. प्रेंटिस साहेबाचा बोनस डिसेंबरातच त्याच्या खात्यावर गेला होता. सभेला विचारलं तेव्हा तो खर्चूनही झाला असेल. मी ‘हो’ लिहिलं काय, ‘नाही’ लिहिलं काय, साहेबाचा एक दिनार कमी होणार नव्हता आणि माझ्या भावाचं काही बदलणार नव्हतं. माझ्या हातात त्या दिवशी एकच गोष्ट खरी होती, एका म्हातारीचा शब्द, आणि तेवढीच मी मोडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फाईल जागेवर ठेवली, संडासात गेलो आणि तोंडावर पाणी मारत राहिलो. मला स्वतःची किळस आली होती.

भाईला सांगावं असं कितीदा वाटलं. सांगितलं असतं, की तू स्वतःच्या कामावर राहिलास, तर त्याच्या मनावरचं ओझं उतरलं असतं. पण मग त्याने विचारलं असतं, की तुला कसली लाज वाटतेय एवढी. म्हणून तेही सांगितलं नाही.

पुढच्या मार्चला पुन्हा मुहर्रक. मनात ठरवून गेलो होतो, की या वर्षी तिचं ‘नाही’ तिच्यासमोर भरायचं, वाचून दाखवायचं आणि मागचं कबूल करायचं. निदान अर्धं तरी.

घरात पाहुण्या बायका बसल्या होत्या, त्या आठजणींपैकीच पाच-सहा. उम्म जासिमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तरी वाचायला मलाच सांगितलं. मी चार ठराव वाचले आणि थांबलो.

“पाचवा?”

“यंदा चारच आहेत.”

“त्या इंग्रजाचा कुठाय?”

“यंदा विचारलेलं नाही.” मागच्या वर्षी बहुमत मिळालं, आता पुन्हा विचारायची गरज नाही, असं बोर्डाने ठरवलं होतं. हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं.

पण उम्म जासिमचा चेहरा उजळला. तिने बायकांकडे पाहून मांडीवर थाप मारली. “बघितलंत? घाबरले! आम्ही नाही म्हटलं, म्हणून विचारायची हिंमत राहिली नाही त्यांना. माणसं वाचवता आली नाहीत, पण आपण हो म्हटलं नाही. अल्लाहने विचारलं तर सांगायला तोंड आहे आपल्याला.” मग माझ्याकडे वळली. “या मला खोटी म्हणत होत्या. म्हणे, बायकांचं कोण लिहून घेतंय. तू सांग यांना. तू लिहिलंस ना?”

सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. ऑपरेशन झालेले तिचे डोळे स्वच्छ होते आणि त्या डोळ्यांनी ती मला पहिल्यांदाच नीट पाहत होती.

“हो,” मी म्हणालो. “नाही लिहिलं. नऊही कागदांवर.”

“मी कयामतच्या दिवशी तुलाच साक्षीला बोलावणार आहे, वलदी,” ती म्हणाली, आणि सगळे चौकोन कोरे ठेवून तिने कागदावर अंगठा उठवला.