खिडकीकडची जागा

दैवशालानं पळीतलं तेल चुलीवरून उतरवलं, त्यातली करपलेली लसणाची पाकळी बाजूला काढली आणि करंगळी बुडवून तेल कितपत कढत आहे ते पाहिलं. मग लेकीचं डोकं मांडीवर ओढलं. निकितानं डाव्या कानावर हात ठेवला.

"नको गं आई. सर्दी हाय नुसती."

"मग तेलानं काय मरतीस का? आण डोकं हिकडं."

दारात चपला घालत असलेल्या अप्पांना हे बोलणं ऐकू गेलं नसावं, पण पळी दिसली. एक पाय चपलेत तसाच ठेवून ते आत आले. बायकोच्या हातातली पळी काढून घेऊन त्यांनी ती कोनाड्यात ठेवली.

"कानात काय घालू नगं तिच्या," एवढंच म्हणून ते पुन्हा दाराकडं वळले. लग्नापासून आजवर चुलीपाशी नवऱ्यानं ढवळाढवळ केल्याचं दैवशालाला आठवत नव्हतं. त्यामुळं ती भांडायचंही विसरली.

अप्पांचं नाव गोरोबा. ढोकीजवळच्या वस्तीवर त्यांचा ऊस होता, विहीर होती आणि डाव्या कानानं त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. लहानपणी कान फुटला होता, असं ते लेकीला सांगत. निकिताला कळायला लागल्यापासून ते तसेच होते, म्हणून कोणाला त्याचं काही वाटत नसे. डावीकडून कोणी बोललं की अप्पा दुसऱ्यांदा विचारायच्या भानगडीत पडत नसत, नुसतं "हं" म्हणत. घरात या "हं"ची भरपूर थट्टा व्हायची. आई मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन म्हणायची, "मी आता कायमची माहेरी चालले." अप्पा म्हणायचे, "हं." त्यावर निकिता पोट धरून हसायची. आता तिला ते हसू आठवायचं आणि स्वतःचीच लाज वाटायची.

आज तिची मेडिकल होती. पोलीस भरतीत तिची निवड झाली तेव्हा वस्तीवर पेढे वाटले गेले होते. पोरीच्या जातीनं चड्डी घालून रस्त्यानं पळावं का, असं विचारणारी भावकीच आता गोरोबाची पोरगी फौजदार झाली म्हणून चारचौघांत सांगत होती. शिपाई आणि फौजदार यांतला फरक समजावून सांगायचा निकितानं सोडून दिला होता. तीन वर्षं ती त्या वर्दीसाठी पळाली होती. वर्दी हुकली, तर घरात पुढचा विषय लग्नाचा निघणार हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि निवडीच्या त्या आनंदातच सगळं नासलं. धाराशिवच्या पोलीस भरतीच्या अकॅडमीतल्या पाच-सहा जणी आणि सरांची बायको अशी गाडी मालवणला गेली. निकितानं समुद्र पहिल्यांदाच पाहिला, पण पाण्याला ती नवखी नव्हती. अप्पांनी तिला पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवलं होतं. डबा सुटल्यावर बुडी मारायला शिकवलं. विहिरीचा एक रिवाज होता. तळाला हात लावून आल्याची खूण म्हणून मुठीत गाळ आणायचा. रिकाम्या मुठीनं वर येणाऱ्याला काठावर काडीची किंमत नसे. खाली जाताना कान ठणकायला लागायचा तेव्हा घाबरून ती अर्ध्यातून परत यायची. अप्पांनी तिला समजावलं होतं, "कान दुखला की समजायचं, बूड जवळ आलं. तिथनं माघारी फिरायचं न्हाय." पुढच्याच बुडीत तिनं मूठभर गाळ आणला. त्या दिवशी अप्पा वस्तीभर तो किस्सा सांगत हिंडले.

मालवणला बोटीवरच्या माणसानं पाठीवर हवेची टाकी बांधून देण्याआधी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. नाक चिमटीत धरून कानातली हवा मोकळी करायची. कान दुखला तर खूण करायची, जिथं आहोत तिथं थांबायचं. सर्दी असेल त्यानं उतरायचंच नाही. निकिताला घाटापासून सर्दी होती. एवढ्या लांब येऊन बोटीत बसून राहायचं तिच्या जिवावर आलं. तिनं नाक आत ओढून घेतलं आणि गप्प बसली. तिची मैत्रीण शिवप्रिया पाण्यात शिरल्याबरोबर घाबरून वर आली, तेव्हा तर निकिताला चेवच चढला.

खाली निळं पाणी होतं आणि पिवळे पट्टेदार मासे अगदी डोळ्यांसमोरून जात होते. डावा कान दुखू लागला. सोबतच्या माणसानं बोटांनी खूण करून विचारलं, ठीक आहे ना? तिनं ठीकची खूण केली. मग नाक दाबून तिनं सगळा जोर लावला. दुखणं वाढलं, कानात दाभण शिरावा तसं. तिच्या मनात एकच गोष्ट होती, आता बूड आलंच. मग कानाच्या आत काहीतरी फाटलं आणि सगळा समुद्र गरगरला. त्या अवस्थेतही तिनं हात लांबवून वाळूची मूठ भरली. पण ती वाळू गाळासारखी चिकट नव्हती. वर येईपर्यंत बोटांच्या फटींतून सगळी निघून गेली होती.

बोटीवर तिला उलट्या झाल्या. बोट लागली असेल, असं सगळ्या म्हणाल्या. घरी आल्यावरही जमीन हलायची. समुद्रात बुडी मारल्याचं तेवढं तिनं घरात सांगितलं, कानाचं नाही. कानात सतत गुणगुण चालायची, लांब कुठंतरी पाण्याची मोटर सुरू असावी तशी. तिनं जे विहिरीवर पाहिलं होतं तेच सगळं केलं. मान वाकडी करून एका पायावर उड्या मारल्या. उन्हात तापलेला दगड कानाला लावून गच्चीवर बसली. कानात गेलेलं पाणी आपसूक निघतं हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं, म्हणून ती वाट पाहत राहिली. चक्कर थांबली. गुणगुण तेवढी राहिली, आणि त्या बाजूनं माणसांचे आवाज यायचे बंद झाले. शेवटी कोणाला न सांगता ती धाराशिवला कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आली. पडदा भरून येईल, ते म्हणाले, पण आतल्या नसेला धक्का बसलाय. लगेच आली असतीस तर औषधाचा काही उपयोग झाला असता. तिनं तेही घरात सांगितलं नाही.

ढोकीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. हॉर्न वाजला तो निकिताला उजवीकडून वाटला, म्हणून ती डावीकडं सरकली. अप्पांनी दंड धरून तिला खसकन मागं ओढलं. मोळ्यांनी भरलेली ट्रॉली डावीकडूनच अगदी अंगावरून गेली. रस्ता ओलांडून होईपर्यंत त्यांनी दंड सोडला नाही.

एसटीत अप्पा नेहमीप्रमाणे डाव्या बाजूच्या दोघांच्या बाकावर गेले आणि खिडकीला बसले. लहानपणी या जागेवरून निकितानं किती वेळा तोंड फुगवलं होतं. तुळजापूरला जाताना, सोलापूरला जाताना, आत्याकडं जाताना कधी म्हणून अप्पांनी तिला खिडकी दिली नव्हती. बाकीच्या पोरींचे बाप देतात, असं ती रडून सांगायची. ते तिला आपल्या उजव्या हाताला बसवून घ्यायचे आणि शेंगांची पुडी देऊन गप्प करायचे.

बस निघाली. अप्पा मधेच काहीतरी बोलले. निकिताचा डावा कान त्यांच्याकडं होता. इंजिनच्या घरघरीत तिला त्यांचे ओठ तेवढे हललेले दिसले.

"हं," ती म्हणाली.

अप्पा तिच्याकडं पाहत राहिले. बराच वेळ पाहिलं त्यांनी. मग तिच्या तोंडासमोर वाकून म्हणाले, "पाण्याची बाटली तुझ्याजवळ हाय का माझ्या पिशवीत, असं इचारलं म्या."

तिनं घाईघाईनं बाटली काढून दिली. त्यांनी ती घेतली, पण पाणी प्यायले नाहीत. बाटली मांडीवर धरून धाराशिव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले.

सरकारी दवाखान्यात उंची झाली, वजन झालं, डोळे झाले. सगळं चोख होतं. शेवटी कानाच्या तपासणीला एक डॉक्टर बाई होत्या. त्या निकिताच्या मागं उभ्या राहिल्या, तिचा डावा कान बोटानं बंद केला आणि हलक्या आवाजात आकडे म्हणाल्या. निकितानं सगळे बरोबर सांगितले. मग उजवा कान बंद झाला. आता नुसती ती मोटर वाजत होती. बाई बोलत आहेत की थांबल्या आहेत हेही तिला कळेना. तिनं अंदाजानं एक आकडा सांगितला, मग आणखी एक. बाईंनी कानावरचं बोट काढलं आणि समोर येऊन बसल्या.

त्यांनी मशीनवरही तपासून पाहिलं. काय झालं होतं, असं विचारलं तेव्हा निकितानं मालवण सांगितलं. बाई चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत. अपील करता येतं, पुन्हा तपासणी होते, पण मी खोटी आशा लावणार नाही, असं त्यांनी सांगितलं. निकितानं मान डोलावली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. बाहेर बाकीच्या पोरी एकमेकींची उंची सांगत हसत होत्या. त्यांच्यामधून ती खाली मान घालून निघाली.

अप्पा आवारातल्या लिंबाखाली पिशवी घेऊन उभे होते. इतक्या वर्षांत त्यांनी माणसांचं अर्धं बोलणं तोंडाकडं बघूनच ओळखलेलं. त्यांना सांगावं लागलं नाही.

"चल, यष्टी गाठू," ते म्हणाले.

स्टँडवर गाडी लागलेलीच होती, बरीचशी रिकामी. अप्पा पुढं चढले. डाव्या बाजूच्या दोघांच्या बाकापाशी ते थांबले, पण आत सरकले नाहीत.

"तू बस खिडकीला."

निकिताला वाटलं, कीव येऊन देतायत. आयुष्यभर जी जागा मागून मिळाली नाही ती आज मिळत होती, आणि तिला ती नको होती. तरी ती आत सरकली. अप्पा तिच्या उजव्या हाताला बसले. गाडी आवाराबाहेर पडल्यावर ते बोलायला लागले, नेहमीच्याच बारीक आवाजात. शब्द न् शब्द तिच्या कानात स्वच्छ उतरला. तेव्हा तिला कळलं की कीव नव्हती. ती जागा कधी खिडकीसाठी नव्हतीच.

"जेवायला बसताना पंगतीत डावीकडलं टोक धरायचं," अप्पा सांगत होते. "भिंत असंल तर डावी बाजू भिंतीला. रस्त्यानं चालताना सोबतीच्याला उजवीकडं घ्यायचं. हॉर्न वाजला की सरकायचं न्हाय, आधी मागं बगायचं, मगच पाय उचलायचा. तोंडाकडं बगत जा बोलणाऱ्याच्या. लोकास्नी वाटतं, माणूस लई मन लावून ऐकतोय."

निकिता ऐकत होती. चार दिवसांच्या दुखण्यासाठी असलं कोणी शिकवत नाही, हे न समजायला ती लहान नव्हती. कान परत येईल का, हा प्रश्न तिनं गिळून टाकला. शेजारी त्याचं उत्तर बसलेलं होतं.

"लहानपणी फुटला ते खोटं," अप्पा थोड्या वेळानं म्हणाले. "तू रांगत हुतीस तवा. इहिरीत मोटर अडकली हुती गाळात, बुडी मारली म्या." समोरच्या बाकाचा दांडा धरून ते बसून राहिले. बाहेर तोडलेल्या उसाची पाचट पेटवली होती आणि धूर रस्त्यावर उतरत होता. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "कान दुखला आसंल की तुझा खाली. मग वर का न्हाय आलीस?"

निकितानं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांचा डावा कान तिच्याकडं होता, कानाच्या पाळीवर पांढरे केस वाढले होते. बस वेगात होती, पत्रा खडखडत होता. मोठ्यानं ओरडून सांगितलं असतं तर त्यांना ऐकू गेलं असतं.

"मला वाटलं, बूड जवळ आलंय," ती साध्या आवाजात म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं तसं."

अप्पांनी समोर पाहत मान हलवली.

"हं," ते म्हणाले.

निकितानं ते पुन्हा सांगितलं नाही.