सदतीस नव्हे, बत्तीस

मित्रांनो, मी बीजगणिताचे एक जुने पुस्तक आहे. माझ्या पानांत एक पत्र कितीतरी महिने पडून होते. त्याला उत्तर गेले नव्हते, आणि त्यात मोठा दोष माझाच होता.

पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. चिंचवडच्या हायस्कुलात अर्जुनराव मास्तरांनी मला खाकी कव्हर घातले. मास्तर फार भिडस्त. स्वतः गणित सोडवूनही ते माझ्या मागच्या पानांत उत्तर ताडून पाहत. मला त्याचा अभिमान वाटे.

१९५५ साली वर्गात द्विपदाचा विस्तार चालू होता. मास्तरांनी फळ्यावर ओळी मांडल्या. १, १. खाली १, २, १. त्याखाली १, ३, ३, १. शेजारचे दोन आकडे मिळवले की खालचा आकडा येतो.

"ही तर कांद्याच्या पोत्यांची थप्पी," मागून कोंडाजी म्हणाला. मास्तरही हसले.

मग त्यांनी (क + ख) चा पाचवा घात सोडवायला दिला. तळवड्याच्या सुरय्याचे आकडे आले १, ५, १०, १०, ५, १. माझ्या उत्तरात मात्र चौथा आकडा १५ छापला होता. मास्तर घुटमळले, आणि त्यांनी तिच्या वहीवर फुली मारली.

"पुस्तकापरीस शहाणी व्हय गं तू?" कोंडाजी म्हणाला. सगळा वर्ग हसला.

दिवाळीच्या सुट्टीत तिचे पत्र आले, बंद पाकिटातून. 'क आणि ख दोन्ही एक धरले, तर दोनाचा पाचवा घात बत्तीस. माझी बेरीज बत्तीस येते, पुस्तकाची सदतीस. माझे कुठे चुकले ते कळवावे.' मास्तरांनी दोनदा बेरीज केली. मग पत्र माझ्यात ठेवून मला मिटले. पुढे सुरय्या वर्गात गप्पच बसू लागली.

मे महिन्यात तिचे वडील वजीरभाई मास्तरांच्या सायकलचे पंक्चर काढताना म्हणाले, "पोरगी बीजगणित सोडते म्हणते, मास्तर. आपल्याला जमायचं न्हाई, म्हणते. शाळा उघडली की विषय कळवायचाय."

घरी येताच मास्तरांनी लाल शाईने माझे १५ खोडून वर १० लिहिले. मला दुखले नाही. उलट हलके वाटले. म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हांला कव्हर घाला, आमची पाने दुमडू नका, पण चूक दिसली तर खोडायला भिऊ नका.

उत्तरासाठी काढलेले कोरे पाकीट मास्तरांनी बाजूला सारले आणि उघडे पोस्टकार्ड घेतले. तळवड्यात पोस्टमन कार्डे चावडीसमोर मोठ्याने वाचतो, हे त्यांना ठाऊक होते.

'चि. सुरय्या हिस आशीर्वाद. तुझे बत्तीस बरोबर. पुस्तक चुकले आणि मीही चुकलो. बीजगणित सोडू नकोस.'

मला काखेत धरूनच ते पेटीपर्यंत गेले. कार्ड आत पडल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.