भोपळ्यापासून तेराशे ऐंशी पावलं

विश्वाचा आरंभ कोणीही पाहिलेला नाही. सूर्यमालेचा मात्र गुरुवारी सकाळी साडेसातला, मुलचेरा तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत, चौतीस पोरांनी पाहिला. वामनराव गुरुजींनी झेंड्याच्या ओट्यावर भोपळा ठेवला. तो घरंगळला. खाली वीट लावल्यावर तो सूर्य झाला.

शुक्रवारी केंद्रप्रमुख येणार होते. बावीस वर्षांच्या नोकरीत शेरेबुकात वामनरावांबद्दल एकच वाक्य उमटलं होतं: ‘हजेरी समाधानकारक.’ दुसऱ्या वाक्यासाठी ते पावलं मोजत जंगलाच्या वाटेला लागले. शेहेचाळीस पावलांवर काठीला चिकटवलेला मोहरीचा दाणा, म्हणजे पृथ्वी. पुढे लिंबाचा गुरू. तेराशे ऐंशी पावलांवर एका मोहाच्या फांदीला बोर टांगलं, तो नेपच्यून. आणि पोरांना लांबून दिसावा म्हणून बुंध्याला लाल चिंधी बांधली.

दुपारी पोरं घरी गेली आणि मोहफुलांची टोपली कमरेवर घेऊन सुकरीबाई शाळेच्या फाटकात उभी राहिली.

“गुरुजी, माह्या मोहाले चिंधी तुमी बांधली?”

“हो. नेपच्यून आहे तो.”

“कोनीबी असो. आमच्या इथी मोहाले चिंधी बांधली का झाड त्याचं होते. हे झाड माह्या सासऱ्याच्या बापाचं हाय. मले त्याच्यावर दुसऱ्याची चिंधी नाई चालत.”

वामनरावांनी तिला ओट्यापाशी नेलं आणि सगळं समजावून सांगितलं. सूर्य भोपळ्याएवढा धरला तर दुसरा भोपळा, म्हणजे सर्वांत जवळचा तारा, साडेआठ हजार किलोमीटरवर येतो.

“नागपूरच्या पुढं?”

“बरंच पुढं.”

सुकरीबाईने भोपळा टिचकीने वाजवून पाहिला. “हे सारं कोनं मांडलं?”

“कोणी नाही. आपोआप झालं.”

“मंग तुमी काऊन मांडून राह्यले?”

वामनरावांनी चष्मा पुसला. “नेपच्यून वीस पावलं अलीकडे, त्या ऐनाच्या झाडावर बांधता येईल. पण अंतर चुकेल ना, बाई. उद्या साहेब मोजतील.”

“मंग सूर्याले सरकवा वीस पावलं मागं. भोपळाच तं हाय.”

यात शास्त्रीय चूक काढता येईना. त्यांनी नेपच्यून सोडवला, चिंधी सुकरीबाईच्या हातात दिली, आणि दोन तास उन्हात आठही ग्रह प्रत्येकी वीस पावलं मागे आणले. शेवटी भोपळा उचलून मोजत गेले. विसावं पाऊल शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या उंबरठ्यावर पडलं. तिथे वीट ठेवून त्यांनी सूर्य बसवला. टोपली टेकवून सगळं पाहत बसलेली सुकरीबाई म्हणाली, “आता बराबर.”

शुक्रवारी अकराला केंद्रप्रमुख आले. पोरं वाटेवर आपापल्या काठीशी ताठ उभी होती. वामनरावांनी खाकरून हात स्वयंपाकखोलीकडे केला.

उंबरठ्यावर नुसती वीट होती.

“इंदुताई, इथला भोपळा?”

स्वयंपाक करणाऱ्या इंदुताई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“दारात ठेवेल होता. भाजीपाला जास्त झाला का गावातले ठेवूनच जातात ना, गुरुजी. मस्त पिकला होता.”

वामनराव कसनुसे हसले आणि त्यांनी पृथ्वीपासून सुरुवात केली. मंगळापर्यंत पोचले, तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. केंद्रप्रमुख पोरांच्या पंगतीत बसले आणि त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

निघताना त्यांनी शेरेबुक मागवलं. लिहिलं, ‘पोषण आहारातील भोपळ्याची भाजी उत्तम.’