जड पट्ट्यांचा पियानो

मी एक जुना पियानो आहे. भिंतीला पाठ लावून उभा असतो. रंग काळा, एका अंगाने वार्निश उडालेलं. माझ्या पोटात तारांचं रान आहे आणि त्यातली प्रत्येक तार मी घडलो त्या दिवसापासून ताणलेली आहे. मित्रांनो, ताण म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. पण लाकडालोखंडाने सोसायचा ताण वेगळा आणि कोवळ्या हाडाने सोसायचा वेगळा. एवढी साधी गोष्ट एका भल्या माणसाच्या ध्यानात आली नाही, आणि त्याच्या हातून जे घडलं ते माझ्या अंगाने घडलं. चित्त देऊन ऐका.

मला घडवणारा कारागीर तोंडात देवाचं नाव आणि हातात रंधा अशा थाटात काम करायचा. लाकडाला कान लावून तो ऐकायचा आणि मगच पुढची फळी उचलायचा. पहिला सूर निघाला तेव्हा त्याने डोळे मिटले. तेवढं कौतुक मला आजवर पुरलं आहे. पुढे बरीच वर्षं मी एका नाचाच्या शाळेत काढली. पोरी माझ्या तालावर गिरक्या घ्यायच्या, पाहुणे माझ्या अंगावर हात फिरवून वाहवा करायचे. मग तिथे गाणी वाजवणारं यंत्र आलं. मला जिन्याखाली ढकललं. तारांवर पडणाऱ्या माझ्या हातोड्यांच्या मऊ लोकरी नमद्यात उंदरांनी पिल्लं घातली. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय! हा झाला पूर्वरंग. खरी कथा पुढेच आहे.

त्या शाळेने अडगळ काढायला घेतली तेव्हा शेजारच्या मैदानावर मुलांना धावायला शिकवणारे एक गृहस्थ मला हातगाडीवर घालून घरी घेऊन गेले. गळ्यात शिट्टी, चाल किंचित लंगडी. घरात माणसं मोजकी. ते, त्यांची थोरली बहीण आणि त्यांची मुलगी. मुलीची आई ती रांगत असतानाच देवाघरी गेली होती, आणि आत्यानेच तिला वाढवलं होतं. जन्मली तेव्हा पोरगी अशी किंचाळली की आत्याने तिचं नाव टिटवी ठेवलं. पुढे तिचं तोंड जे मिटलं ते मिटलंच, पण नाव राहून गेलं. शाळेत तिला मुकी म्हणत. मुकी नव्हती हो. शब्द ओठापर्यंत यायचे आणि दारातून माघारी फिरायचे.

माझ्यापाशी मात्र ती बोलायला लागली. गल्लीतल्या एका बाईंनी तिला पियानो शिकवायला घेतलं. आठवड्यातून एकदा ती त्यांच्याकडे जायची, बाकीचे दिवस माझ्याजवळ. शाळेत कोणी टोचून बोललं की त्या संध्याकाळी माझे खालचे, घोगरे सूर वाजायचे. आत्याने गोड काही केलं की वरचे नाचायचे. गणिताचं उदाहरण अडलं की ती वही मिटून यायची, एकच धून चार वेळा वाजवायची आणि उठून जाऊन उदाहरण सोडवायची. हळूहळू ती वर्गात हात वर करू लागली, असं शाळेतून कळायचं. मित्रांनो, देवाने कोणाला वाचा जिभेत दिली, कोणाला बोटांत. या पोरीची बोटांत होती.

आत्या उभं आयुष्य कापडगिरणीत मागांशेजारी उभी राहिलेली, त्यामुळे तिचे कान गेले होते. तरी टिटवी बसली की ती मटार सोलायला माझ्याच बाजूला टेकून बसायची. तुला ऐकू तर येत नाही, मग इथे काय करतेस, असं भावाने एकदा खुणांनी विचारलं. आत्या म्हणाली, "कान गेलेत रे, पाठ नाही गेली."

मग संगीतशाळेच्या प्रवेशाची परीक्षा जाहीर झाली. बाई घरी येऊन म्हणाल्या की पोरीला बसवा, तिची जागा तिथेच आहे. वडिलांचा ऊर भरून आला. पण त्यांना सूर कळत नव्हते, कळत होतं मैदान. तिथे ते मुलांच्या पायांना वाळूच्या पिशव्या बांधून पळवत. शर्यतीच्या सकाळी पिशव्या सोडल्या की मुलं वाऱ्यासारखी सुटत. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि दुसऱ्या दिवशी सूर लावणाऱ्याला बोलावलं.

माझ्या प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाला शिशाचा तुकडा बसवायचा, म्हणजे पुढून दाबायला ती जड जाईल, असं काम त्यांनी सांगितलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी शिसं काढायचं.

सूरवाल्याने डोकं खाजवलं. "दादा, पाय निराळे, बोटं निराळी."

"मेहनत सगळीकडे सारखीच," वडील म्हणाले. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही."

घाव दगडाने सोसायचे असतात, हे त्यांना तेव्हा सुचलं नाही. मलाही बोलता आलं नाही. एकेक पट्टी बाहेर निघाली, लाकडाला भोक पडलं, त्यात थंडगार शिसं बसलं. आतून मी शहारलो.

त्या संध्याकाळी टिटवीने पहिला सूर दाबला आणि थबकली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ओळखीच्या माणसाने ओळख न दाखवल्यावर आपण पाहतो. वडील खुर्चीत बसून हसत होते. त्यांनी गंमत समजावून सांगितली. तिने मान डोलावली आणि वाजवायला लागली. आता प्रत्येक सुरामागे दुसरा एक आवाज येऊ लागला. पट्टी सुटली की शिसं मागे धप्पकन बसायचं. धून पुढे जायची, आणि तिच्या मागे कोणीतरी जड पावलांनी चालत यायचं.

काही दिवसांनी बाईंनी निरोप पाठवला की पोरगी आपटते, पियानो म्हणजे दार नव्हे. वडिलांनी तो निरोप आनंदाने आत्याच्या कानाशी ओरडून सांगितला. म्हणाले, बघ, ताकद आली! आणि सूरवाल्याला पुन्हा बोलावून आणखी शिसं घालून घेतलं.

मित्रांनो, दुखणं माझ्याइतकं लवकर कोणाला कळलं नसेल. आधी उजव्या हाताची अनामिका उशिरा यायला लागली. करंगळीशेजारचं ते बोट, सगळ्यांत भोळं. बाकीची चार पोचायची, हे मागे राहायचं. मग ते पट्टीवर टेकायचं पण दाबायचं नाही. टिटवी त्याचं काम चोरून मधल्या बोटाकडून करून घ्यायची. कधी तिची बोटं ओली आणि गरम यायची, म्हणजे ती न्हाणीघरात कढत पाण्यात हात बुडवून आलेली असायची. कधी वाजवता वाजवता तिचा श्वास मध्येच अडायचा. तिने जर दुखतं म्हटलं, तर माझं झाकण बंद होईल आणि तिची वाचा पुन्हा जाईल, हे भय तिच्या मनगटातून माझ्यात उतरायचं. मी तरी काय करणार? तारेला तार लावून ओरडलो असतो, पण वाजवल्याशिवाय मला तोंड नाही. तिला दुखवणारा मी, आणि तिचा एकुलता एक सखाही मीच.

परीक्षा जवळ आली. वडील आता घड्याळ लावून बसत. ती थांबली की आतल्या खोलीतून विचारत, आवाज का थांबला? आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक आहे, असा त्यांचा हिशेब. घर भरून आवाज होता आणि घरात ऐकत कोणी नव्हतं.

एका संध्याकाळी आत्या नेहमीसारखी मला टेकून शेंगा सोलत होती. टिटवी परीक्षेची धून वाजवत होती. अवघड वळण आलं. मधलं बोट धावलं, चुकलं, पुन्हा धावलं. आत्याचा हात शेंगेवर थांबला. ती उठली, पुढे आली आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"टिटवे, तुझं एक बोट कुठं गेलं गं?"

वाजवणं थांबलं. आतून वडिलांचा प्रश्न आला, नेहमीचाच. वाजवणं पुन्हा सुरू झालं नाही, म्हणून ते बाहेर आले. पोरीचा हात पट्ट्यांवर तसाच होता. चार बोटं टेकलेली, एक आत वळलेलं.

"दुखतं," टिटवी म्हणाली.

मी तिच्या तोंडून ऐकलेला हा पहिला शब्द. वडिलांनी तोंड उघडलं, बहुधा सोसायचंच काहीतरी सांगायला. पण त्यांचा हात सवयीने पुढे गेला. मैदानावर मुलांचा घोटा चाचपतात तसा त्यांनी तिचा हात घेतला आणि अंगठ्याने कोपरापर्यंत दाबत गेले. मधे एका जागी अंगठा अडला. तिथे सूज होती. त्यांचा चेहरा उतरला. तरुणपणी त्यांचाही गुडघा असाच सुजला होता. सोस, असं त्यांच्या गुरूने सांगितलं होतं, आणि ते सोसून धावले होते. ते लंगडणं तिथलंच.

ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. किती दिवसांपासून, असं त्यांनी विचारलं. टिटवीने शिसं घातलेल्या पट्ट्यांकडे पाहिलं. त्यांना तेवढं पुरलं.

डॉक्टरांनी हात बांधून टाकला. परीक्षेचा दिवस आला आणि माझ्या मिटलेल्या झाकणावरून गेला. ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली असेल, देव त्या लेकराचं भलं करो. बोट पुन्हा पहिल्यासारखं चालेल का, या प्रश्नाला डॉक्टर अजून बघू म्हणतात. त्या 'बघू'ची मला भीती वाटते.

सूरवाला येऊन शिसं काढून गेला. भोकं तशीच आहेत. एक तुकडा वडिलांनी मागून घेतला आणि शिट्टीच्या दोरीत ओवला. मैदानावर शिट्टी उचलली की तो आधी छातीवर आपटतो. वाळूच्या पिशव्या आता ते बांधत नाहीत म्हणे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूची धूळ पुसा, उंदीर हाकला, हे मी सांगणारच होतो. पण त्याआधी दुसरं मागणं आहे. कोणी वाजवत असेल, गात असेल, धावत असेल, तर नुसता आवाज चालू आहे का ते बघू नका. पाठ टेकून ऐका. आणि तुमचंच काही दुखत असेल, तर त्याच दिवशी सांगा. सांगितल्याने वाचा जात नाही.

परवा संध्याकाळी झाकण उघडलं. टिटवीचा हात अजून बांधलेलाच होता. वडील माझ्यासमोर बसले, आणि ती शेजारी उभी राहून कोणती पट्टी ते दाखवू लागली. त्यांच्या जाड बोटाने एकेक सूर दाबला. तिची धून लंगडत लंगडत निघाली. आत्या माझ्या बाजूला टेकली होती.

"बाबा, हळू," टिटवी म्हणाली. "त्याला लागेल."